महालक्ष्मीच्या घोड्यात पैसे घालण्याआधी कायदा आणि हिशोब दोन्ही बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. मामेभाऊ म्हणतोय चौघांनी मिळून रेसचा एक घोडा घेऊया, पाव हिस्सा तुमचा. त्याचं म्हणणं की रेसिंगला कायद्याचं संरक्षण आहे, सरकारला बक्कळ टॅक्स मिळतो म्हणून सरकार ते बुडू देणार नाही, आणि अमेरिकेत तर राज्य सरकारं कायदा करून बक्षिसाच्या पैशाची सोय करतात, इथेही आज ना उद्या होईलच. आणि तुमच्या वडिलांचं म्हणणं की हा सरळसरळ जुगार आहे, मटक्यात आणि ह्यात फरक काय. मी घोड्यांच्या मालकांची आणि अशा छोट्या पार्टनरशिपची अकाउंट्स आणि टॅक्सची कामं करतो, बरीच वर्षं झाली, तेव्हा माझं मत स्पष्टच सांगतो. वडील कायद्यात चुकतायत आणि मामेभाऊ हिशोबात.

आधी वडिलांचं घेऊ, कारण ते सोपं आहे. आपल्याकडे जुगारबंदीचा कायदा आहे तो १८८७ सालचा, इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात केलेला, मटक्याच्या अड्ड्यावर धाड पडते ती ह्याच कायद्याखाली. आता ह्याच कायद्यात जुगाराची जी व्याख्या आहे तिच्यात घोड्यांच्या रेसला एक दार उघडं ठेवलंय, पण त्या दाराला तीन कड्या आहेत. बेट लागली पाहिजे ती रेस ज्या दिवशी धावणार त्याच दिवशी. लागली पाहिजे लायसन्सवाल्या रेसकोर्सने त्यासाठी आखून दिलेल्या जागेत, किंवा सरकारने मंजूर केलेल्या दुसऱ्या एखाद्या जागेत. आणि लागली पाहिजे लायसन्स असलेल्या बुकीकडे नाहीतर टोटवर, म्हणजे क्लबच्या खिडकीवर, जिथे सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमा होतात. तिन्ही गोष्टी एकदम जुळल्या तर ती बेट जुगार नाही, एक जरी सुटली की झालाच जुगार. म्हणजे रविवारी दुपारी महालक्ष्मीच्या स्टँडमध्ये खिडकीवर शंभरचं विनचं तिकीट काढणारा माणूस कायदेशीर, आणि त्याच घोड्यावर त्याच वेळेला परळच्या एखाद्या बारमध्ये बसून फोनवरून शंभर लावणारा माणूस बेकायदेशीर. घोडा तोच, जॉकी तोच, आणि घोडा हरला तर दोघांचेही शंभर सारखेच जाणार.

रेसकोर्सला लायसन्स द्यायचा कायदा वेगळा आहे, १९१२ चा. त्याचं काम एवढंच की लायसन्स नसलेल्या रेसकोर्सवर रेस होता कामा नये, आणि लायसन्स देताना राज्य सरकार अटी घालू शकतं. लोकांना वाटतं की रेस कशी चालवायची, हँडिकॅप, म्हणजे कुठल्या घोड्यावर किती वजन, कसा ठरवायचा, घोड्याला ड्रग दिलं तर काय, जॉकीने घोडा मुद्दाम दाबून मागे ठेवला तर काय, हे सगळं सरकारने कायद्यात लिहिलं असेल. त्यातलं काहीही नाही! ते सगळं क्लबच्या स्वतःच्या रूल्समध्ये आहे. मुंबई आणि पुण्याचं रेसिंग चालवतो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब, त्याचे स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंच, चौकशी करतात, तेच जॉकीला सस्पेंड करतात, अपील करायचं तर क्लबच्याच अपील बोर्डाकडे, आणि मालक म्हणून तुमचं नाव रजिस्टर करायचं की नाही हेसुद्धा क्लब ठरवतो. सरकार दारावर उभं राहून परवाना बघतं आणि आतला कारभार मेंबरांच्या हातात. अमेरिकेत राज्याराज्यांत सरकारी रेसिंग कमिशन असतं, वर आता २०२० च्या केंद्रीय कायद्याने सेफ्टी आणि औषधांसाठी एक राष्ट्रीय संस्थाही बसवलीय. आपल्याकडे तसलं काही नाही. हे चांगलं की वाईट ह्यावर मालकांच्या लॉनवर तासन् तास भांडणं होतात, मी त्यात पडत नाही, फक्त उद्या तुमच्या घोड्याच्या बाबतीत अन्याय झाला असं वाटलं तर मंत्रालयात जाऊन उपयोग नाही एवढं आत्ताच लक्षात ठेवा.

वडिलांना अजून एक गोष्ट सांगा. तामिळनाडूने १९७४ मध्ये कायदा करून रेसिंग बंदच करायचं ठरवलं होतं, पुढे १९८६ मध्ये मद्रास रेस क्लब ताब्यात घ्यायचा कायदा केला, आणि ते सगळं सुप्रीम कोर्टात गेलं. जानेवारी १९९६ मध्ये तीन जजेसच्या बेंचने निकाल दिला की घोड्यांची रेस हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. घोड्याची पैदास, ट्रेनिंग, फॉर्म, त्याच्यावरचं वजन, जॉकी, ट्रॅक, हे अभ्यासून अंदाज बांधता येतो, चिठ्ठी काढण्यासारखं ते नाही. ह्याचं मूळही आपल्याच मुंबईच्या एका जुन्या केसमध्ये आहे, १९५७ ची, तेव्हाच्या मुंबई राज्याने बक्षिसाच्या शब्दकोड्यांवर बंधन आणि कर घातला होता त्यावरून. जुगार हा व्यापारच नाही म्हणून त्याला मूलभूत हक्क नाही, आणि ज्यात बऱ्यापैकी कौशल्य आहे तो जुगार नाही, ही रेघ सुप्रीम कोर्टाने तेव्हा मारली. मटका रेघेच्या पलीकडे, रेस अलीकडे. वडिलांचा मुद्दा इथे संपला.

पण मामेभाऊ ह्या निकालाचा जो अर्थ लावतोय तो मात्र भलताच आहे. कौशल्याचा शिक्का तुम्हाला पोलिसांपासून वाचवतो, टॅक्सवाल्यापासून नाही. जीएसटी कायद्यात २०२३ ला जी दुरुस्ती झाली तिच्यात कोणत्या गोष्टींवर कर बसणार त्याची यादीच दिलीय, बेटिंग, कॅसिनो, गॅम्बलिंग, लॉटरी, पैशाचं ऑनलाइन गेमिंग आणि त्या सगळ्यांच्या मध्ये घोड्यांची रेस, नाव घेऊन. त्यामुळे आम्ही जुगार नाही हो आम्ही कौशल्य, असं म्हणायची सोयच राहिली नाही. इन्कम टॅक्सचंही तेच. जॅकपॉट लागला तर ती रक्कम लॉटरीच्या रांगेत, सरसकट ३० टक्के वर सेस, त्यातून खर्च वजा करता येत नाही, आधीचा तोटा वजा करता येत नाही, आणि एका फटक्यात १० हजारांच्या वर जिंकलात तर टीडीएस खिडकीवरच कापून हातात देतात.

आता खरा प्रश्न, पैसा येतो कुठून. महाराष्ट्रात घोड्यांच्या रेसला सरकारी तिजोरीतून पैसे द्यायचा कायदा नाही. आजच्या महाराष्ट्राचे आणि जुन्या मुंबई राज्याचे कायदे चाळले तर त्यात परवाना आहे, बंदी आहे, कर आहे, पण रेसिंगला निधी म्हणून काही नाही. तुमचा घोडा जिंकला तर जे स्टेक मनी मिळणार ते येतं क्लबच्या कमाईतून, थोडं स्पॉन्सरकडून, थोडं मालकांनी भरलेल्या एंट्री फीमधून. इंडियन डर्बीला स्पॉन्सर मिळतो, फोटो छापून येतात, पण साध्या गुरुवारच्या किंवा रविवारच्या कार्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या रेसच्या यादीत, जी खालच्या क्लासची रेस असते, आणि तुमचा पाव हिस्स्याचा घोडा बहुतेक तिथेच धावणार आहे, तिचं बक्षीस पंटरच्या, म्हणजे बेट लावणाऱ्याच्या, तिकिटातूनच निघतं. टोटवर जेवढे पैसे गोळा होतात त्यातून क्लब आपलं कमिशन कापतो आणि उरलेला पूल जिंकणाऱ्यांत वाटतो. ते कमिशन म्हणजेच रेसिंगचं सगळं भांडवल, त्यातूनच ट्रॅकचं पाणी, स्टाफचे पगार, स्टेबल्सची दुरुस्ती आणि स्टेक.

म्हणून टॅक्स कशावर लागतो, तिकिटाच्या पूर्ण रकमेवर की फक्त क्लबच्या कमिशनवर, ह्या एका प्रश्नावर ही अख्खी इंडस्ट्री उभी आहे किंवा पडणार आहे. बाकी सगळं गौण आहे असं माझं मत.

पूर्वी हा विषय राज्याच्या हातात होता. १९२५ चा बेटिंग टॅक्सचा कायदा होता, टोटवर एक कर आणि बुकीकडच्या बेटवर एक कर. राज्यघटनेच्या राज्यसूचीत दोन नोंदी होत्या, ३४ नंबरला बेटिंग आणि जुगार हा विषय, ६२ नंबरला त्यावरचा कर. क्लबवाले आणि मालक मंत्रालयात जायचे, रेट जास्त झाला हो म्हणायचे, कधी ऐकलं जायचं कधी नाही, पण ज्याच्याकडे रडायचं तो माणूस चर्चगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने ६२ नंबरची नोंद बदलली, बेटिंगवरच्या कराचा राज्याचा अधिकार गेला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, २८ टक्के. म्हणजे परवाना अजूनही मुंबईतून मिळतो, पण टॅक्सचा रेट ठरतो जीएसटी कौन्सिलमध्ये, जिथे महाराष्ट्र हे अनेकांतलं एक राज्य आहे आणि बहुतेक राज्यांत रेसकोर्सच नाही. अशा टेबलावर घोड्यांसाठी कोण भांडणार.

२०१८ च्या जानेवारीत नियमात घातलं की कर पूर्ण बेटवर, टोटमध्ये जेवढे पैसे आले तेवढ्या सगळ्यावर. बेंगळुरूचा क्लब कोर्टात गेला आणि जून २०२१ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने तो नियम उडवला, म्हटलं की क्लबची कमाई कमिशन आहे, बाकीचे पैसे तो फक्त सांभाळतो आणि परत वाटतो, मग कर कमिशनवरच हवा. रेसिंगवाल्यांनी मिठाई वाटायची बाकी ठेवली होती. मग २०२३ च्या जुलैमध्ये कौन्सिलने ठरवलं की कॅसिनो, ऑनलाइन गेमिंग आणि रेस सगळ्यांवर पूर्ण रकमेवर २८ टक्के, १ ऑक्टोबर २०२३ पासून ते लागू झालं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो रेट ४० टक्के आहे. म्हणजे तंबाखूला आणि रेसला एकाच पंगतीत बसवलं.

४० टक्के म्हणजे नेमकं काय होतं ते तुम्हाला आकड्यात दाखवतो, कागद पेन घेऊन बसा. समजा लालबागचा एक पंटर हजार रुपये घेऊन आला. हजारातले ७१४ रुपये बेट आणि २८६ रुपये जीएसटी. क्लब १० टक्के कमिशन कापतो असं फक्त उदाहरणासाठी धरा, म्हणजे ७१ रुपये. पूलमधून सगळ्या पंटरांना मिळून सरासरीने परत येतात ६४३. आता तो घरी जात नाही, कोणीच जात नाही, दिवसभरात सात आठ रेस असतात, तो हेच ६४३ पुढच्या रेसला लावतो, त्यावर पुन्हा ४० टक्के, परत येतात ४१३. तिसऱ्या रेसनंतर २६६. कार्डाचं निम्मं पानही झालं नाही आणि हजाराचे पावणेतीनशे सुद्धा नाहीत. आता हाच हिशोब टॅक्स फक्त कमिशनवर धरून करा, रेट तोच ४० ठेवा. हजारावर कमिशन १००, त्यावर टॅक्स ४०, परत येतात ८६०. पुढे ७४०, पुढे ६३६. हा पंटर सातव्या रेसपर्यंत टिकतो, चहा वडापाव खातो, पुढच्या रविवारी परत येतो. सरासरी म्हणतोय हं, कोणी जिंकेल कोणी हरेल, पण एकूण गर्दीचं हेच होतं.

ह्यात अजून एक बघा. पहिल्या हिशोबात हजारातून सरकारला २८६ आणि क्लबला ७१. २८६ चे निम्मे दिल्लीला निम्मे महाराष्ट्राला. ज्या ७१ मधून घोडा, जॉकी, घोड्याची निगा राखणारा साईस, ट्रॅक सगळं पोसायचं त्याच्या चौपट पैसे ते घेतात ज्यांनी एक पेंढीसुद्धा चारा आणलेला नाही. आणि कॅसिनोशी तुलना केली तर डोकंच फिरतं, तिथे चिप्स विकत घेताना एकदा टॅक्स भरला की जिंकलेले पैसे परत लावले तर त्यावर पुन्हा टॅक्स नाही, तसा नियमच २०२३ ला केला. रेसला ती सवलत नाही, इथे प्रत्येक बेट नव्याने. कौशल्याचा खेळ म्हणून सुप्रीम कोर्टाने पाठ थोपटलेली रेस, आणि टॅक्सच्या बाबतीत रूलेटच्या चाकापेक्षाही वाईट अवस्था.

मग पंटर काय करतो? तो मूर्ख नसतो. स्टँडमध्ये उभं राहून बघा कधी, टोटची खिडकी मोकळी असते आणि माणसं जिन्याच्या कोपऱ्यात मोबाईलमध्ये मान घालून असतात. पॅडॉकमध्ये, रेसआधी घोडे फिरवतात तिथे, घोडा बघायचा, कोणाची लगाम कशी, कोण घामाघूम झालाय, हे सगळं कायदेशीर रेसकोर्सवर बघायचं, आणि बेट लावायची बेकायदेशीर बुकीकडे, मेसेजवर, उधारीवर, हिशोब सोमवारी. त्याच्याकडे ना ४० टक्के ना टीडीएस. त्याला घोडा पोसायचा नाही, स्टेक द्यायचं नाही, तो फक्त क्लबने जमवलेल्या मालावर दुकान चालवतो. १८८७ च्या कायद्याने जे दार फक्त रेसकोर्सच्या आत किंवा सरकारने मंजूर केलेल्या जागेत उघडलं होतं, त्या दारातून माणसाला बाहेर ढकलायचं काम टॅक्सचा कायदा करतोय. आणि पकडला कोण जातो तर पाचशे रुपये लावणारा रिक्षावाला, बुकी नाही. पूल रोडावला की कमिशन रोडावतं, कमिशन रोडावलं की स्टेक, आणि स्टेक रोडावलं की तुमच्या पाव हिस्स्याच्या घोड्याचं गणित.

अमेरिकेचं मामेभाऊ म्हणतो ते अर्ध खरं आहे. पेन्सिल्वेनियाने २००४ मध्ये कायदा करून रेसकोर्सवर स्लॉट मशीन्सना परवानगी दिली आणि त्या कमाईतला ठरलेला वाटा रेसच्या बक्षिसांना आणि घोडे पैदास करणाऱ्यांना जाईल असा फंडच केला. केंटकीत घोड्याच्या कव्हरिंग फीवर, म्हणजे घोडीला फळवण्यासाठी नराच्या मालकाला देतात त्या फीवर, जो ६ टक्के विक्रीकर लागतो तो घोडे पैदास करणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून वळवतात. तिथेच जुन्या रेसवर बेट घेणाऱ्या स्लॉटसारख्या मशीन्स २०२० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात अडकल्या, तर विधानसभेने काही महिन्यांत, २०२१ च्या सुरुवातीला, कायदाच बदलून त्या वाचवल्या. आपल्याकडे हायकोर्टात जिंकल्यावर कायदा उलट दिशेने बदलला, फरक बघा. आणि अमेरिकेतच १९७८ चा एक केंद्रीय कायदा आहे त्यात एका राज्याची रेस दुसऱ्या राज्यात दाखवून बेट घ्यायची असेल तर घोडेमालकांच्या संघटनेचीही संमती लागते. आपल्याकडे बेंगळुरू हैदराबादच्या रेसवर इथे इंटरव्हेन्यू बेटिंग चालतं त्याचा हिशोब क्लब क्लबमध्ये होतो, मालकाला कोणी विचारत नाही.

पण ते फंडही अजरामर नाहीत. पेन्सिल्वेनियातच २०२० मध्ये गव्हर्नरने घोड्यांच्या फंडातले दोनशे मिलियन डॉलरच्या वर पैसे कॉलेजच्या स्कॉलरशिपला वळवायचा प्रस्ताव आणला होता. तो बारगळला, पण मुद्दा समजून घ्या, मुलांची फी की घोड्याचं बक्षीस असा प्रश्न उभा राहिला की घोड्याच्या बाजूने हात वर करायला आमदार लाजतो, मग तो पेन्सिल्वेनियाच्या राजधानीतला, हॅरिसबर्गचा असो की मुंबईचा. मला विचाराल तर इंग्लंडची पद्धत जास्त सरळ आहे, १९६१ च्या कायद्याने तिथे रेसवर धंदा करणाऱ्या बुकींकडून लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, घेतात, आता ती ढोबळ नफ्याच्या १० टक्के आहे, आणि तो पैसा परत रेसिंगमध्येच येतो. म्हणजे करदात्याच्या खिशातून काही नाही, जो घोड्यावर कमावतो त्यानेच घोड्याला द्यायचं. आपल्या २८६ रुपयांतले दहा वीस जरी असे परत आले असते तरी चित्र वेगळं असतं. पण जीएसटीचा पैसा एकदा तिजोरीत गेला की त्याला घोड्याचा वास राहत नाही.

राज्याने आपल्याकडे रेसिंगला एकच मोठी मदत केली, आणि ती म्हणजे जमीन. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ पासून आहे, लीज १९१४ ची, ती मे २०१३ मध्ये संपली, आणि नंतर दहा वर्षं नुसतं लोंबकळत. २०२४ मध्ये तोडगा निघाला, २११ एकरातले १२० एकर सेंट्रल पार्कसाठी पालिकेकडे, ९१ एकर क्लबकडे २०५३ पर्यंत. काही मेंबर अजून नाराज आहेत. मी म्हणतो चेन्नईकडे बघा, सप्टेंबर २०२४ मध्ये गिंडी रेसकोर्सची १६० एकर जमीन सरकारने सरळ ताब्यात घेतली, आणि त्याच वर्षी बेंगळुरूत रेसचं लायसन्सच अडकलं आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. शहराच्या मधोमध एवढी मोकळी जागा धरून बसायला राजकीय ताकद लागते, ती रेसिंगकडे आता नाही. बैलगाडा शर्यतीसाठी आपल्या विधानसभेने २०१७ मध्ये सगळे पक्ष मिळून कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये ती सुप्रीम कोर्टात टिकली, कारण गावागावात मतदार आहेत. महालक्ष्मीच्या घोड्यासाठी कुठला आमदार रस्त्यावर उतरणार? रेसिंग म्हणजे टायवाल्या श्रीमंतांचं हा समज पक्का बसलाय, आणि पहाटे चारला उठून घोड्याला खरारा करणारा साईस कोणाला दिसत नाही.

आता तुमच्या पाव हिस्स्याचं. मालक म्हणून मिळणारं स्टेक मनी जॅकपॉटसारखं ३० टक्क्यांत जात नाही, ते तुमच्या नेहमीच्या स्लॅबने, आणि त्यातून घोड्याचा खर्च वजा होतो, ही चांगली बाजू. वाईट बाजू अशी की तोटा झाला तर तो तुमच्या पगारातून किंवा भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, फक्त रेसच्या घोड्यांच्याच उत्पन्नातून, पुढे चार वर्षं ओढता येतो, आणि तेही ज्या वर्षी वजा करायचा त्या वर्षी तुम्ही घोडा बाळगून असलात तरच. म्हणजे दोन वर्षांनी कंटाळून घोडा विकला की साठलेला तोटा गेला पाण्यात. मामेभाऊ कोणाला तरी टॅक्स वाचेल म्हणून सांगत असेल तर त्याला आधी हे वाचायला द्या.

पार्टनरशिपमध्ये चौघांचं नाव क्लबकडे रजिस्टर करून घ्या, एकाच्या नावावर घोडा आणि बाकी तिघं तोंडी, हे अजिबात करू नका, स्टेक आलं की तोंडी पार्टनर कसे विसरले जातात ते मी माझ्या टेबलावर बघितलंय, सख्ख्या भावांत सुद्धा. एकाने पैसे भरणं बंद केलं तर ट्रेनरचं बिल उरलेल्यांनी किती दिवस भरायचं, त्याचा हिस्सा कोणत्या किमतीला घ्यायचा, घोडा जायबंदी झाला तर काय, आणि रिटायर झाल्यावर तो कुठे जाणार आणि त्याचा खर्च कोण करणार हे कागदावर हवं. हे शेवटचं कोणी विचारत नाही. पूर्वी निवृत्त घोडे परळच्या हाफकिनला सीरम काढायला जायचे, घोडे पैदास करणाऱ्या स्टड फार्मवाल्या पूनावालांना तिथूनच कल्पना सुचली आणि १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली, पण आज तुमच्या घोड्यासाठी तसली वाट धरून चालू नका.

आणि घोडा बघायला जायच्या आधी त्या ट्रेनरकडून त्याच्याच स्टेबलमधल्या दुसऱ्या एखाद्या घोड्याचं बारा महिन्यांचं बिल मागा, ट्रेनिंग फी, साईसचा पगार, खुराक, नालबंद, व्हेट, पुणे मुंबई ट्रान्सपोर्ट सगळं वेगवेगळं लिहिलेलं, आणि त्याच घोड्याने त्याच बारा महिन्यांत किती स्टेक आणलं ते ट्रेनर जॉकीचा वाटा कापून. ट्रेनर द्यायला कां कूं करत असेल तर दुसरा ट्रेनर बघा. दिलं तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, चारने भागा, आणि तेवढे पैसे दरवर्षी गेले तरी बायकोशी भांडण होणार नाही अशी खात्री असेल तरच चेक फाडा.